आजारासकट आलेले

२ नोव्हेंबर

आणि पत्र न फोडता परत पाठवायचं, ही कुठली रीत, ताई? फोन उचलत नाहीस, बरं. निरोप ऐकून घेत नाहीस, तेही बरं. पण मी पाठवलेलं पाकीट जसंच्या तसं माझ्याच हातात यावं आणि वर तुझ्या वळणदार अक्षरात ‘घेणार नाही’ लिहिलेलं असावं, इतकं तर वैऱ्याशीही कुणी वागत नाही. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. एक पान लिहायचं तर माझ्या दोन सुट्ट्या जातात. म्हणून या खेपेला पत्ता दुसऱ्याच्या अक्षरात घालून घेतलाय. फसलीस ना? आता फोडलंच आहेस तर वाच.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. ‘खोकत आलास, तीन दिवस घरभर खोकलास, भांडून निघून गेलास आणि पंधरा दिवसांत बाबा गेले. आजार तू आणलास.’ मार्चमध्ये फोनवर एकदाच बोललीस. आठ महिने झाले, तुझं तेवढंच बोलणं माझ्यापाशी आहे. मी नाही म्हटलं का? खोकला होताच मला. साथ सगळीकडे होती, ती माझ्या पाठोपाठ आपल्या घरात शिरली म्हणालीस, मी मान खाली घालून हो म्हटलं. पण गुन्हा कबूल केलेल्यालाही कधी सुटणार ती तारीख सांगतात, ताई.

बाबांशी भांडलो हेही खरं. ते म्हणाले, ‘भिंगरी, आता एका जागी टेक. किल्ल्यांचं दुकान आयतं आहे, बस त्यात.’ मी म्हणालो, ‘त्या खोक्यात दिवसभर कुलूप कानाशी धरून बसायला मला वेड लागलंय का?’ आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेला मी तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून चालू लागलो. मी ते कुठे लपवतोय?

गोदामातलं काम सुटलं. आता इथल्या मोठ्या इस्पितळात लागलोय. ट्रॉली ढकलायची, चादरी पोचवायच्या, आणि सकाळी आठ वाजता मोजणी. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पट्टी बांधलेली असते. साथीचा आजार निघाला तर लाल, नाही निघाला तर पांढरी. मी चारही मजले फिरून लाल पट्ट्या मोजतो आणि आकडा नोंदीवाल्या काकांना देतो. काका तो वर कळवतात, आणि संध्याकाळच्या बातम्यांत बाई लिपस्टिक लावून तोच आकडा सांगते. माझा आकडा! लिफ्टची वाट न बघता जिने चढणारा इथे मी एकटाच, म्हणून मला धरला. बाबा असते तर म्हणाले असते, भिंगरीला शेवटी भिंगरीचंच काम मिळालं.

जेवतेस ना वेळेवर? शिवणाचं काम येतं का?

आणि हो, स्वयंपाकघरावरचा पत्रा माझ्याकडून अर्धा बसवायचा राहिला. वाऱ्याला आपटत असेल. मी आलो की करीन. तोवर त्या शिडीवर कुणी चढू नका.

११ नोव्हेंबर

पत्र परत आलं नाही. म्हणजे वाचलंस. उत्तर नाही आलं, पण परत आलं नाही हेही मला खूप झालं.

आज तुला एक विचारायचंय. आधी नीट सांगतो, नाहीतर तू म्हणशील, आलं याच्या मनात.

दुसऱ्या मजल्यावर एक बस ड्रायव्हर आहे. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने फटकळ. टायर बदलताना जॅक सरकला आणि पाय मांडीपासून मोडला. इस्पितळात आला की कुणाच्याही नाकात काडी घालतातच. याच्याही घातली, तर आजार निघाला. ना खोकला, ना ताप. पण खाटेला लाल पट्टी. सकाळी मी मोजत गेलो तर म्हणतो,

‘ए मुनीम, मला कशात धरलंस?’

‘लालमध्ये.’

‘अरे, पाय मोडलाय माझा. पायाला खोकला होत नाही, सांग तुझ्या साहेबाला.’

‘मी फक्त पट्ट्या मोजतो, दादा.’

‘मग पट्टीलाच औषध दे. मला जाऊ दे घरी.’

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पण पुढच्या खाटेशी गेलो तर तिथे भट्टीवर हात भाजलेला पाववाला. लाल. त्याच्या पलीकडे अपेंडिक्सवाला. लाल. खाली बाळंतिणींकडे तीन बायका, तिघी ठणठणीत, एक तर जुळी मांडीवर घेऊन बसलेली. लाल, लाल, लाल. तेव्हा माझ्या डोक्यात भुंगा शिरला. दुसऱ्या दिवशी मी काड्यापेटीच्या पाठीवर दोन वेगळे आकडे मांडले. आजाराने आलेले आणि आजारासकट आलेले. एकूण लाल एकसष्ट. त्यात श्वास लागला, छाती भरली म्हणून आलेले सत्तावीस. बाकीचे चौतीस दुसऱ्याच दुखण्याने आलेले. आजार त्यांच्या खिशात सुट्ट्या पैशांसारखा सापडलेला.

काड्यापेटी नोंदीवाल्या काकांपुढे ठेवली. काका म्हणजे वाळका माणूस, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, चाळीस वर्षं इथेच. बघून म्हणाले, ‘बरोबर मोजलंस.’

‘मग कळवा की वर.’

‘वरून येणाऱ्या कागदाला रकाना एकच असतो, बाळा. तुझ्या चौतीस जणांना बसवू कुठे? मांडीवर?’

हसून घे हवं तर. पण ताई, त्या एका आकड्यावर इथलं सगळं हलतं. आकडा वाढला म्हणून हाडांचा वॉर्ड बंद करून सगळा मजला लाल केला. ड्रायव्हरचं ऑपरेशन पुढे ढकललं, कारण लालवाल्यांची चिरफाड थांबवलीय. त्याच्या उशाला ऑक्सिजनची नळी आहे, तो तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. आणि तिसऱ्या मजल्यावर दोघांत एक नळी. आलटून पालटून.

आजार खोटा आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर पाठव. तिथली माणसं पाण्याबाहेरच्या माशासारखी तोंड उघडतात. काल एका शाळामास्तराने माझा हात धरला तो जीव जाईपर्यंत सोडला नाही. आणि पट्टीही खोटी नाही, पाय मोडलेल्याकडूनही दुसऱ्याला लागतोच. काका म्हणतात, ‘पट्टी कुणाला वेगळं ठेवायचं ते सांगते. कुणाला काय झालंय ते नाही सांगत. आपण एकीलाच दोन प्रश्न विचारतो.’

तर आता माझं विचारणं. बाबांच्या खाटेला पट्टी होती का? ते तिथल्या इस्पितळात गेले ते आजाराने, की आजारासकट?

मला त्यांचं दुखणं काहीच माहीत नाही. मी फोनवर ‘कसं झालं’ विचारलं तर तू ‘आजार, तू आणलास’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यांची छाती कशी होती, ताप किती दिवस होता, मला कुणी सांगितलं नाही. बाबांचं रक्त आधीपासून उसळायचं, प्रेशरची गोळी चुकवायचे. हृदय असेल. दुसरं काही असेल. तुझ्याकडे केसपेपर असेल. त्याची झेरॉक्स पाठव. मी काकांना दाखवतो.

मला सुटायचंय, ताई. खोटं कशाला बोलू.

१९ नोव्हेंबर

आठ दिवस झाले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी न्हाव्याला फोन लावला. आपल्या कोपऱ्यावरचा, दुसरा कोण. त्याच्याकडून जे कळलं ते तुझ्याकडून कळायला हवं होतं. म्हणे आठ महिन्यांत तुझ्याकडे शिवायला कुणी कापड टाकलं नाही. म्हणे अँब्युलन्सचे ते प्लास्टिकचे झगे घातलेले लोक बाबांना न्यायला आले तेव्हापासून गल्ली आपल्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेने जाते. वाण्याने तुझ्या हातची नोट चिमट्याने घेतली. चिमट्याने! ज्याच्या तिजोरीची किल्ली हरवली तेव्हा बाबांनी भर दुपारी उपाशी बसून उघडून दिली होती, तो वाणी. आणि तुझं जुळत आलेलं लग्न, त्या घड्याळवाल्याकडचं, त्यांनी ‘पुढे बघू’ म्हणून कळवलं. मला यातलं अक्षर कळवलं नाहीस.

न्हाव्याने अजून एक सांगितलं. तो दुकानाची पाटी लावायला आपली शिडी मागायला आला, तर तू म्हणालीस, जाळली. चांगली लाकडी शिडी कशाला जाळलीस? चुलीला सरपण नव्हतं का? इतकी वर्षं बाबांनी तेल पाजून सांभाळलेली. म्हणजे, एखादी पायरी कच्ची असेल, पण म्हणून जाळायची?

जाऊ दे. शिडीचं काय एवढं.

तू माझ्यावर रागाव, पण कागद पाठव. एका कागदाने दोघांचंही भलं होईल. गल्लीला दाखवता येईल की बघा, आमचा माणूस साथीने नाही गेला, हृदयाने गेला. चिमटेवाला वाणी तोंड लपवील. घड्याळवाले परत येतील. आणि मीही येईन. तुला वाटतं मी रस्ते बंद होते म्हणून आलो नाही. तसं मी कळवलं होतं. पण गोदामातून एक ट्रक आपल्या बाजूला निघाला होता, ड्रायव्हरने मला विचारलंही होतं. मी नाही म्हणालो. ज्या घराला मीच जाळलं त्या घराच्या राखेत कुठल्या तोंडाने येऊ? तू दार उघडलं नसतंस. आणि उघडलं असतंस तर जास्त वाईट होतं.

इथला बस ड्रायव्हर अजून तसाच आहे. पाय वजन लावून टांगलेला. रोज विचारतो, ‘मुनीम, आज मी बरा झालो का कागदावर?’ त्याच्या बायकोला आत सोडत नाहीत. ती खाली फाटकाशी येऊन उभी राहते, मी तिचा डबा वर नेतो. काल तिने डब्याबरोबर निरोप दिला, ‘त्यांना म्हणावं, शेजारीण विचारत होती साथ लागली का. मी म्हटलं, जॅक लागला.’ ड्रायव्हर एवढा हसला की पायाची दोरी हलली आणि कळवळला.

तेवढी एक झेरॉक्स, ताई. बाकी मी काही मागत नाही.

२८ नोव्हेंबर

ड्रायव्हर गेला.

सोमवारी सकाळी सात वाजता मला ‘मुनीम’ म्हणाला आणि आठला मी मोजत परत आलो तर पडदा ओढलेला. पायात साकळलेली रक्ताची गाठ वर सरकली म्हणे. पाय वेळेवर बसवला असता तर? मी तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं. तो दोन दिवस झोपला नव्हता. म्हणाला, ‘निजून राहिल्याने गाठ होते. या आजारानेही होते. कशाने झाली ते आता देवालाही सांगता येणार नाही.’ आणि कागदावर पहिल्या ओळीत आजार लिहिला. पाय दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीचीच बेरीज होते, दुसरी ओळ कुणी वाचत नाही.

मी मोजणी थांबवली. कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, आजचा आकडा मी देणार नाही, त्यात तो आहे.

त्या वाईट बाई नाहीत. पाय सुजलेत त्यांचे, बूट मागून कापून घातलेत. पण त्या कडाडल्या, ‘तुला पट्ट्या मोजायला ठेवलंय, माणसं मोजायला नाही!’

‘मग माणसं कोण मोजतं?’ मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. नोंदीवाले काका दारात उभे होते. त्यांनी माझ्या दंडाला धरून आपल्या खोलीत नेलं आणि पाणी दिलं. म्हणाले, ‘तू आकडा दिला नाहीस तर कालचाच जातो. चूक शिळी होते, एवढंच.’ मग कपाटातून एक जुनी वही काढली. ‘वरच्यांना रकाना नको, तर आपल्याला हवा. इथे आख. दोन रकाने. रोज भर. कधीतरी कुणीतरी विचारील. मी नसेन, वही असेल.’

मी आखले. पट्टी वाकडी होती, रेघा वाकड्या आल्या. डावीकडे ‘आजाराने’, उजवीकडे ‘आजारासकट’. ड्रायव्हरला मी उजवीकडे लिहिलं. तरुण डॉक्टर म्हणतो सांगता येणार नाही, ते खरंच असेल. पण त्याची बायको फाटकाशी डबा घेऊन उभी होती आणि मला तिला काहीतरी सांगायचं होतं. मी म्हणालो, ‘बाई, जॅकने गेले.’ तिने मान हलवली. ‘ठाऊकच होतं,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘बरं झालं तू सांगितलंस. मी रोज त्यांच्याशी भांडायचे, जॅक जुना झालाय, नवा घ्या म्हणून. आता भांडण माझंच खरं ठरलं.’ आणि ती जी रडायला लागली, ताई, तसं रडणं मी तिसऱ्या मजल्यावरही ऐकलं नाही. तिला आजार सांगितला असता तर ती नशिबाला शिव्या देऊन गेली असती. मी तिला खरं दिलं आणि तिच्या पदरात जॅक टाकला.

डबा माझ्याच हातात राहिला. अजून इथे आहे. धुऊन ठेवलाय.

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. खरं कळलं म्हणजे सुटतो, असं मला वाटत होतं.

तरी कागद पाठव. आता सुटण्यासाठी नाही मागत. कशासाठी मागतो, ते मला सांगता येत नाही.

१० डिसेंबर

तुझं पाकीट मिळालं.

आधी मी तुझी चिठ्ठीच वाचली. कागदाला हात लावायची भीती वाटली. ‘मागितलास म्हणून पाठवते. वाचून झाला की फाडून टाक, आणि मला काही विचारू नकोस.’ बस, एवढंच. तरीही तुझं अक्षर बघून मला बरं वाटलं, बघ कसा आहे मी.

मग काकांकडे नेला. डॉक्टरचं अक्षर मला लागत नाही. काकांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘छाती स्वच्छ. ताप नाही. खोकला नाही. श्वास व्यवस्थित.’ मी खुर्चीतून अर्धा उठलोच. म्हणालो, ‘बघा! बघा, मी म्हणत नव्हतो?’ टेबलावर मूठ आपटली. काका पुढे वाचत होते, त्यांचा आवाज हळू झाला, मग थांबला. ‘वाचा की,’ मी म्हणालो.

‘काल सकाळी शिडीची पायरी मोडून पडले. उंची अंदाजे दहा फूट. उठून चालत घरात आले, चहा घेतला. आज पहाटेपासून उलट्या, मग बेशुद्ध. डोक्यात रक्तस्राव. नाकाच्या तपासणीत साथीचा आजार आढळला, वेगळ्या वॉर्डात हलवले. सांगणारी, मुलगी.’

मी फाडला नाही, ताई. तुझं एवढं ऐकणार नाही.

आता माझं ऐक. पहिल्या पत्रात मी शिडीवर चढू नका लिहिलं होतं. आठ महिन्यांनी माणूस असं का लिहितो? वरून तिसरी पायरी. मी जुना पत्रा उतरवताना ती माझ्या पायाखाली कडाडली होती. मी तारेने आवळून बांधली. सुतळीचे दोन वेढे वरून दिले, तार दिसू नये म्हणून, कारण बाबा बघतील आणि म्हणतील, ‘भिंगरीचं सगळंच तात्पुरतं.’ मी चढता-उतरता ती पायरी ओलांडायचो. मनात म्हणायचो, आठ दिवस आहे, नीट करीन. तिसऱ्या दिवशी भांडून निघालो. पत्र्याला चार स्क्रू मारलेले, आठ राहिलेले, शिडी भिंतीला तशीच लावलेली. बसमध्ये बसल्यावर मला आठवलं. खरं सांगतो, बसमध्येच आठवलं. फोन करून सांगणार होतो. पण मग वाटलं, आत्ताच भांडून आलोय, आणि लगेच आपणच फोन करायचा? बाबांनी आधी करावा.

तू फोनवर ‘आजार’ म्हणालीस तेव्हा मी रडलो, पण त्या रडण्यात एक सुटका होती. शिडी नव्हती ना. तू मला आठ महिने आजाराचा गुन्हेगार ठेवलंस आणि मी तो गुन्हा पटकन अंगावर घेतला. त्याच्या खाली दुसरा होता, तो मला बघायचा नव्हता. मग ही पट्ट्यांची भानगड सुरू झाली आणि मला वाटलं, दोन्हीतून सुटीन. माझी हाव, बाकी काय.

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून मी विचारलं नाही. न्हाव्याकडून फोन तुझ्या दारात पाठवला तो काही विचारायला नाही. फक्त म्हणालो, ‘ताई, वरून तिसरी का?’ तुझ्या मागे पत्रा आपटत होता, इथपर्यंत ऐकू आला. मग जे बोललीस ते मी तिथल्या तिथे उतरवून ठेवलंय. पुढे कधी मी स्वतःशी खोटं बोलायला लागलो तर वाचीन म्हणून.

‘चहा पिताना म्हणाले, भिंगरीला सांगू नकोस. पायरी मोडली कळलं तर लाजेने घरी यायचं सोडील. मला शपथ घातली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला हातात दिला, पहिल्या ओळीत आजार. मी खोटं नाही बोलले रे. पहिली ओळ तेवढी तुला वाचून दाखवली.’

आणि मी म्हणालो, ‘पण तू आणलास म्हणालीस की.’

‘राग आला होता,’ तू म्हणालीस. ‘खऱ्याचा राग काढता येत नव्हता, म्हणून खोट्याचा काढला. आणि मग पत्रं परत पाठवली, कारण फोडली असती तर लिहावं लागलं असतं. मला लिहिताना खोटं येत नाही.’

ताई, गल्ली पलीकडच्या कडेने गेली आठ महिने. वाण्याचा चिमटा. मशीनवर धूळ. घड्याळवाले. तुला एक वाक्य बोलायचं होतं, ‘साथीने नाही, पडून गेले’, आणि सगळी दारं उघडली असती. पण पडले कसे, हे पुढचं वाक्य विचारलं असतं कुणीतरी, आणि ते न्हाव्याच्या खुर्चीवरून माझ्यापर्यंत आलं असतं. म्हणून तू पहिलंही बोलली नाहीस. शिडी जाळलीस. मी वर तुलाच विचारलं, चांगली शिडी का जाळलीस.

बाबांना वाटलं, मी लाजेने यायचं सोडीन. सोडलंच की. फक्त दुसऱ्याच कारणाने.

काल सकाळी मोजणी झाल्यावर मी वही उघडली. काका म्हणाले, ‘आजचे किती?’ मी सांगितलं, एकोणपन्नास लाल, आजाराने बावीस, आजारासकट सत्तावीस. मग उजव्या रकान्यात, आजच्या आकड्याच्या खाली, मी अजून एक रेघ मारली. काकांनी बघितलं. ‘हा कोण? आपल्याकडचा नाही दिसत.’ मी म्हणालो, ‘किल्ल्या करायचे.’ त्यांनी खोडलं नाही. मेट्रनबाई सही करायला आल्या होत्या, त्यांनीही बघितलं आणि दोन्ही रकान्यांखाली सही केली. पहिल्यांदाच. म्हणाल्या, ‘उद्यापासून दोन्ही आकडे दे. वर घेतात की नाही, मी बघते.’ ड्रायव्हर असता तर म्हणाला असता, मुनीम, बढती झाली.

आता तुझ्यासाठी एक काम आहे, आणि या वेळी ‘घेणार नाही’ चालणार नाही. बाबांची शपथ मी सोडवतो. ती माझ्यासाठी घातली होती, तेव्हा सोडवायचा हक्क माझा. उद्या न्हाव्याकडे जा आणि सगळं सांग. एकट्या त्याला सांगितलंस की पुरे, दुपारपर्यंत घड्याळवाल्यांच्या घरीही पोचेल. सांग, बाबा आजाराने नाही गेले. शिडीवरून पडले. पायरी माझ्या भावाने बांधली होती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. हे शेवटचं गाळू नकोस. ते गाळलंस तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने या वयात चढायलाच कशाला हवं होतं. त्यांना आपटणाऱ्या पत्र्याने झोप लागत नव्हती, म्हणून चढले. तो पत्रा माझा.

गल्ली मला काय म्हणायचं ते म्हणो. मी येतोय. महिन्याच्या शेवटी चार दिवसांची रजा मिळालीय. तू दार उघड किंवा नको उघडू, मी पायरीवर बसेन. पायरीवर बसायची आता सवय लावून घ्यायला हवी.

पत्रा मात्र माझ्या हाताने होणार नाही. माझं सगळं तात्पुरतं. मिस्त्रीला बोलाव, राहिलेले आठ स्क्रू वायसर घालून मारायला सांग, आधीचे चारही काढून नव्याने मारायला सांग. तो वर असेल तेव्हा खाली कुणाला तरी धरायला उभं कर. आणि शिडी लोखंडी घे, नटबोल्टची नको, पायऱ्या वेल्डिंगने सांधलेल्या. दुकानातच प्रत्येक पायरीवर उभी राहून बघ, वरून तिसरीवर जरा जास्त वेळ. शिडीचे, स्क्रूंचे आणि मिस्त्रीच्या मजुरीचे मिळून पाठवतोय, चार हजार दीडशे.